व्हिसाच्या फायलीतील खातेउतारा

मार्च महिन्यात बँकेच्या शाखांमध्ये वर्षअखेरीची धांदल चालू असते. नेमक्या त्याच दिवसांत आणखी एक वर्ग काउंटरपाशी येऊन उभा राहतो. मे महिन्याच्या सुटीत आठ-दहा दिवस परदेशी जाऊन येण्याचा बेत आखलेली ही मंडळी. त्यांची मागणी ठरलेली असते : सहा महिन्यांचा खातेउतारा, प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. मोबाइलवर उतारा क्षणात मिळत असताना शिक्क्यासाठी ही पायपीट कशाला, हा प्रश्न कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो तसा खातेदाराच्याही. परंतु अनेक वकिलातींच्या कागदपत्रांच्या यादीत बँकेने साक्षांकित केलेला उतारा आजही मागितलेला असतो आणि यादीपुढे कोणाचे चालत नाही. शिक्के उमटत असताना खातेदार थोडा पुढे वाकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, शिल्लक साधारण किती दिसली म्हणजे व्हिसा मिळतो?"

सारा घोळ या प्रश्नापासून सुरू होतो. व्हिसा ही जणू ठरावीक किमतीची वस्तू आहे आणि तेवढी रक्कम त्या दिवशी खात्यात दिसली की काम झाले, अशी समजूत त्यामागे असते. मग भावाकडून, मेहुण्याकडून, प्रसंगी पतपेढीतून उचल घेऊन खाते फुगवले जाते. उतारा हाती पडला की रक्कम आल्या वाटेने परत जाते. ही युक्ती सांगणाऱ्यांत प्रवासाचे दलाल असतात, अनुभवी शेजारी असतात आणि खेदाने नमूद करावयाचे तर कधीकधी बँकेतील सद्हेतूने बोलणारे कर्मचारीही असतात.

उदाहरणादाखल सांगलीसारख्या शहरातील एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी डोळ्यांसमोर आणावीत. आयुष्यात एकदा स्वित्झर्लंडचे बर्फ पाहावे, युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत आगगाडीने जावे, एवढीच त्यांची इच्छा. खात्यात दरमहा निवृत्तिवेतन जमा होते. वीज, औषधे, किराणा यांचा खर्च वजा जाता ऐंशी-नव्वद हजारांची शिल्लक राहते. एवढ्याशा शिलकीची मुलाला लाज वाटते आणि तो अर्जाच्या आठवडाभर आधी पाच लाख रुपये वडिलांच्या खात्यात भरतो. अर्ज नाकारला जातो. याच शाखेत दोघांच्या नावे असलेल्या नऊ लाखांच्या मुदत ठेवींच्या पावत्या मात्र घरच्या कपाटात राहिलेल्या असतात. ठेवी म्हातारपणासाठी आहेत, सहलीसाठी नव्हेत. मग त्या दाखवायच्या कशाला, असा मुख्याध्यापकांचा सरळ हिशेब. स्वतःचे जे होते ते झाकले गेले आणि जे आपले नव्हते ते पुढे केले गेले.

गणितही तपासून पाहावे. स्वित्झर्लंड दरडोई दररोज सुमारे १०० फ्रँक हा खर्चाचा निकष धरते. दोघांचे दहा दिवस म्हणजे २,००० फ्रँक, रुपयांत दोन लाखांहून थोडे अधिक. विमान व हॉटेल यांचे आगाऊ भरलेले पैसे वेगळे. उसन्या पाच लाखांची गरजच नव्हती.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण १२ डिसेंबर २००८ पासून ते शेंगेन व्यवस्थेत आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी जो करार केला, त्यातून ही व्यवस्था उभी राहिली. आज तीत २९ देश आहेत आणि एका व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस त्यांत हिंडता येते. या देशांचा व्हिसाविषयक नियमसंग्रह वाचला तर अधिकाऱ्याने मुख्यतः दोन गोष्टींची खात्री करून घ्यावयाची असते, असे दिसते. या माणसाला मुक्कामाचा खर्च झेपेल काय? आणि मुदत संपण्यापूर्वी तो आपल्या घरी परतेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिलकेच्या आकड्यात थोडेफार सापडते. दुसऱ्याचे मुळीच सापडत नाही. ते सापडते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होणाऱ्या वेतनात, विम्याच्या हप्त्यात, घरकर्जाच्या कपातीत, मुलीच्या शाळेच्या शुल्कात. ज्याचे असे धागे मायदेशी गुंतलेले आहेत तो परत येईल, हा तर्क आहे. सहा महिन्यांचा उतारा मागतात तो यासाठी. त्या शांत, एकसुरी नोंदींमध्ये शेवटच्या आठवड्यात अवतरलेले पाच लाख अधिकाऱ्याच्या नजरेतून कसे सुटणार? मग संशय त्या रकमेपुरता राहत नाही, तो माणसावरच येतो.

याचा अर्थ मोठी जमा नोंद हा गुन्हा आहे असा नव्हे. तिचा उगम न सांगणे ही चूक आहे. ऊस उत्पादकाच्या खात्यात वर्षातून मोजक्या वेळा कारखान्याचे बिल जमा होते आणि मधले महिने खाते जवळजवळ कोरडे असते. कांदा वा द्राक्षे विकणाऱ्याचेही तेच. शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने अनेकांकडे विवरणपत्रही नसते. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला हे ऋतुचक्र कोणी समजावून सांगावे? ते अर्जदारानेच सांगावयाचे असते. सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवाद, कारखान्याच्या बिलाची किंवा आडत्याच्या पट्टीची प्रत आणि या रकमा कधी व कशापोटी येतात हे सांगणारे अर्ध्या पानाचे पत्र एवढे जोडले की विचित्र दिसणारा उतारा समजू लागतो. आश्चर्य असे की फायलीला चाळीस कागद जोडणारे लोक हेच एक पत्र लिहिण्याचा कंटाळा करतात. दलालाकडचा छापील मजकूर नाव बदलून पुढे जातो. त्यात शेतकरीही "कंपनीतून रजा मंजूर" करून घेतलेला आढळतो!

व्हिसाची ही पद्धतच अपमानास्पद आहे, असा आक्षेप घेणारे खातेदार आहेत आणि तो आक्षेप पोकळ नाही. आपल्या घरखर्चाची वही अनोळखी माणसापुढे उघडी करावयाची, दहा बोटांचे ठसे द्यावयाचे आणि नकार आला तर शुल्कही गमवावयाचे. ११ जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. आईवडील व अशी दोन मुले यांचे २७० युरो होतात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क निराळे. २०२४ साली भारतातून अकरा लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यांपैकी साधारण सातांतील एक नाकारला गेला. उलट दिशेने भारतात येणाऱ्या अनेक देशांच्या पर्यटकांना नोव्हेंबर २०१४ पासून ई-व्हिसाची सोय झाली आहे आणि त्यांना घरबसल्या अर्ज करता येतो. ही विषमता बोचणारी आहे. मात्र तिचे निवारण शासनांच्या वाटाघाटींत व्हावयाचे आहे. खोट्या शिलकीने ती कमी होत नाही, वाढते. नाकारलेल्या अर्जाची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक संगणकीय यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या देशाकडे अर्ज केला तरी ती समोर येते. बनावट उतारा जोडणाऱ्यांविषयी तर काय लिहावे! तो थेट फौजदारी कायद्याचा विषय आहे.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय अर्जदारांसाठी सवलतीचा मार्ग खुला केला. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरलेल्यांना दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. याचा लाभ ज्याची नोंद स्वच्छ आहे त्यालाच होणार. मिळेल त्या देशाची वेळ घेऊन खोटा प्रवासक्रम जोडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्याच देशाकडे अर्ज करावयाचा असतो आणि मुक्काम सारखे असतील तर प्रथम जेथे प्रवेश होणार तेथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तेव्हा मेच्या सहलीसाठी डिसेंबर-जानेवारीत हालचाल करणे शक्य असताना मार्चअखेरीस धावपळ करण्यात कोणते शहाणपण?

आता बँकेच्या बाजूविषयी. शिल्लक प्रमाणपत्र देणे हा खातेदाराचा हक्क आहे आणि ते नाकारता येत नाही. अमुक तारखेस अमुक रक्कम खात्यात आहे, एवढेच ते सांगते आणि ते खरेच असते. कर्मचाऱ्याची जबाबदारी तेथे संपते, व्हिसाविषयी सल्ला देणे हे बँकेचे काम नव्हे, असे म्हणणारे आहेत. व्हिसा मिळेल की नाही हे बँकेने सांगू नये, हे योग्यच. पण "दोन-चार दिवस रक्कम ठेवून मग उतारा घ्या" हाही सल्लाच आहे आणि तो वाईट सल्ला आहे. त्याऐवजी "तुमच्या ठेवींच्या पावत्या जोडल्यात का?" एवढे विचारण्यास किती वेळ लागतो? खातेदाराची ठेव, भविष्य निर्वाह निधी, कर्जाचे नियमित हप्ते हे सर्व ज्या पडद्यावर दिसते, त्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाने ते बोलून दाखवू नये, हा अलिप्तपणा नियमात कोठे लिहिलेला नाही. मार्चअखेरीच्या गर्दीत हे अवघड आहे, हे खरे. शिक्का मारून मोकळे होणे सोपे वाटते. पण नकार आल्यावर तोच खातेदार त्याच काउंटरवर येऊन "तुमच्या उताऱ्यात काय चुकले?" असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर देणे त्याहून अवघड असते.

ते मुख्याध्यापक दाम्पत्य मेऐवजी सप्टेंबरमध्ये जाण्याचे ठरवते, असे समजावे. मुलाचे पाच लाख केव्हाच परत गेलेले असतात. मध्यंतरी एका ठेवीची मुदत पूर्ण होते आणि तिचे अडीच लाख बचत खात्यात जमा होतात. ही नोंदही मोठीच, पण ती कोठून आली हे उताऱ्याच्या त्याच ओळीत लिहिलेले असते. उरलेल्या ठेवींच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचा आदेश, घरपट्टीची पावती, तीस हजार युरोंच्या संरक्षणाचा प्रवासविमा आणि मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिलेले एका पानाचे पत्र, ज्यात आधीच्या नकाराचा उल्लेख न लपवता केलेला असतो. फाईल पहिलीपेक्षा बारीक भरते. उताऱ्यावर शिक्का मारण्यापूर्वी काउंटरवरील कर्मचारी पारपत्र मागून घेते आणि दोन्हींवरील नावे ताडून पाहते. खात्यात मुख्याध्यापकांचे नाव आद्याक्षरांनी लिहिलेले असते, पारपत्रात पूर्ण. नावदुरुस्तीचा अर्ज तेथेच भरून घेतला जातो, शिक्का एक दिवस थांबतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सातही पानांवर उमटतो.