चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला : युरोपातील स्वस्त विमानप्रवासाचा खरा हिशेब

गोव्यातील अनेक कुटुंबांचे आप्तस्वकीय आज युरोपभर विखुरले आहेत. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे कोणी लिस्बनला स्थायिक झाले, तर कोणी इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरात रोजगार शोधला. लग्नकार्य, आजारपण किंवा नाताळच्या निमित्ताने या मंडळींना दोन-तीन तासांचा विमानप्रवास वरचेवर करावा लागतो. गोव्याहून त्यांच्या भेटीला जाणारेही तीच विमाने धरतात. तिकीट काढताना मोबाईलवर पंधरा-वीस युरोंचा आकडा दिसतो आणि मोह पडतो. मात्र त्या आकड्यात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, यावर सध्या युरोपात मोठा वाद चालू आहे. त्याचा निकाल प्रत्येक प्रवाशाच्या खिशाशी निगडित आहे.

या स्वस्ताईचे मूळ एका धोरणात्मक निर्णयात आहे. युरोपीय समुदायाने 1993 पासून आपले आकाश सदस्य देशांच्या विमान कंपन्यांना खुले केले. 1997 पासून एका देशाच्या कंपनीला दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावरही उड्डाणे करण्याची मुभा मिळाली. त्याआधी कोणत्या मार्गावर कोणी उडायचे, हे सरकारे आपसातील करारांनी ठरवीत. बंधने उठताच आयर्लंडची रायनएअर, 1995 मध्ये सुरू झालेली ब्रिटनची ईझीजेट आणि पुढे हंगेरीची विझ एअर यांनी बाजार पालटून टाकला. मार्च 2025 अखेरच्या आर्थिक वर्षात एकट्या रायनएअरने सुमारे 20 कोटी प्रवाशांची वाहतूक केली. शक्यतो एकाच जातीची विमाने वापरायची, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे ठेवायचे आणि आसनाव्यतिरिक्त प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे घ्यायचे, हे या व्यवसायाचे सूत्र आहे. सामान्य माणसाला विमानात बसवण्याचे श्रेय या कंपन्यांना द्यावेच लागेल. पण वादाची बीजेही याच सूत्रात आहेत.

पहिला वाद हातातील बॅगेचा. रायनएअर आणि विझ एअरच्या मूळ दरात 40 बाय 30 बाय 20 सेंटीमीटरची, म्हणजे आसनाखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. ईझीजेटची मर्यादा 45 बाय 36 बाय 20 सेंटीमीटर आहे. चाकांची छोटी बॅग न्यायची तर वेगळा आकार पडतो आणि तो कित्येकदा तिकिटापेक्षाही अधिक असतो. युरोपीय कायद्यानुसार तिकिटाच्या जाहीर किमतीत सर्व अपरिहार्य कर व शुल्क धरावेच लागतात. ऐच्छिक सेवांचे दर तेवढे वेगळे ठेवता येतात. मग हातसामान ऐच्छिक की अपरिहार्य? वाजवी आकाराचे व वजनाचे हातसामान हा प्रवासाचा आवश्यक भाग असून त्यासाठी जादा पैसे घेता येणार नाहीत, असे युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले. परंतु ‘वाजवी’ म्हणजे किती, हे अनिर्णित राहिले आणि कंपन्यांनी त्याच फटीतून वाट काढली. स्पेनच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पाच कंपन्यांना मिळून 17 कोटी 90 लाख युरोंचा दंड ठोठावला, तो अशाच प्रथांसाठी. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. जून 2025 मध्ये युरोपीय संसदेच्या वाहतूक समितीने एक लहान पिशवी आणि सात किलोपर्यंतची एक बॅग विनामूल्य असावी, अशी भूमिका घेतली.

दुसरा वाद विलंबाच्या भरपाईचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. 2005 पासून लागू असलेल्या नियमानुसार उड्डाण ऐनवेळी रद्द झाले, किंवा जागा असूनही प्रवाशाला नाकारली गेली, तर 1,500 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी 250 युरो आणि त्यापुढील युरोपांतर्गत प्रवासासाठी 400 युरो भरपाई मिळते. तीन तास वा अधिक उशिरा पोहोचणाऱ्यांनाही हा हक्क 2009 च्या न्यायालयीन निकालाने मिळाला. वादळासारख्या असाधारण कारणांत भरपाई टळते; मात्र जेवणाची आणि गरज पडल्यास निवासाची सोय तेव्हाही कंपनीलाच करावी लागते. तिकीट वीस युरोंचे असले तरी भरपाई कमी होत नाही, हे कंपन्यांचे खरे दुखणे आहे.

जून 2025 मध्ये सदस्य देशांच्या वाहतूकमंत्र्यांनी ही मर्यादा 3,500 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी तीनवरून चार तास आणि त्यापुढे सहा तास करण्याची भूमिका घेतली. भरपाई अनुक्रमे 300 आणि 500 युरो असावी, असे त्यांनी सुचवले. अधिक वेळ मिळाला तर पर्यायी विमान आणून उड्डाण रद्द होणे टाळता येईल, असा युक्तिवाद यामागे आहे. तो अगदीच पोकळ नाही. तथापि ग्राहक संघटनांचा आक्षेप असा की, बहुतांश विलंब चार तासांच्या आतलेच असतात. मर्यादा वाढली की हक्क कागदावर राहील आणि वेळ पाळण्याचा धाक उरणार नाही. युरोपीय संसदेतील सदस्यांचा कलही तीन तासांची मर्यादा टिकवण्याकडेच राहिला.

विमानतळाचे अंतर हा हिशेबातील तिसरा घटक. पॅरिसच्या नावे विकले जाणारे बोव्हे शहरापासून सुमारे 85 किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ तर फ्रँकफर्टहून सुमारे 120 किलोमीटर दूर आहे. पहाटेच्या विमानासाठी तिथे पोहोचायचे म्हणजे बसभाडे, टॅक्सी किंवा आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखायला हवा. दोन स्वतंत्र तिकिटे जोडून केलेल्या प्रवासात पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीचे त्याच्याशी काही देणेघेणे नसते. एकाच तिकिटावरील प्रवासात पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर असते. शिवाय ब्रिटन व आयर्लंड शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत. मध्येच लंडनला उतरून सामान घ्यायचे आणि पुन्हा जमा करायचे असेल, तर शेंगेन व्हिसा पुरत नाही. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर बिगर-युरोपीय नागरिकांचे बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे दोन विमानांमधील अंतर भरपूर असणे अगत्याचे झाले आहे. आइसलँडची प्ले ही कंपनी सप्टेंबर 2025 मध्ये एकाएकी बंद पडली, हेही विसरता येत नाही. कंपनी बुडाल्यास सहल-पॅकेज घेतलेल्यांना कायद्याचे संरक्षण असते. नुसते तिकीट काढणाऱ्याला ते नसते.

म्हणून कंपनी निवडताना तिकीट, बॅग, दोन्ही टोकांचा जमिनीवरचा प्रवास आणि बिघाड झाल्यास मिळणारा हक्क, या चारही गोष्टींची बेरीज करावी लागते. सडाफटिंग, पाठीवर एक पिशवी आणि वेळेची सवड असलेल्या प्रवाशाला स्वस्त कंपनी आजही खरोखरच स्वस्त पडते. वृद्ध आईवडील, लहान मुले किंवा पुढचे लांबचे विमान सोबत असेल, तर एकाच तिकिटावर मुख्य विमानतळावरून नेणारी कंपनी बहुधा परवडते. पण प्रवाशाने कितीही चोख बेरीज केली, तरी त्यातील दोन आकडे त्याच्या हाती नाहीत : हातातील बॅगेची किंमत आणि वाया गेलेल्या तासांचे मोल. ते कायदाच ठरवतो. तीन तासांचा हक्क सैल झाला, तर तिकिटावरील आकडा तोच राहील. मात्र त्या पैशांत मिळणारा भरवसा उणा झालेला असेल.