संगीताला भाषा असते

‘संगीताला भाषा नसते’ हे वाक्य आपल्याकडे मैफलीच्या निवेदनापासून चर्चासत्राच्या उद्घाटनापर्यंत सर्वत्र श्रद्धेने उच्चारले जाते. परदेशी गाण्यांचा विषय निघाला की ते हमखास येते. हे वाक्य उदार वाटते. प्रत्यक्षात ते आळशी आहे, आणि त्या आळसाची किंमत गाणाऱ्याला मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

‘वर्ल्ड म्युझिक’ या नावाची कुळकथाच पाहा. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी १९६०च्या दशकात ते अभ्यासक्रमासाठी वापरले होते. बाजारात ते रूढ झाले १९८७ साली. त्या वर्षी उत्तर लंडनमधील ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ या पबमध्ये छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची मंडळी जमली. प्रश्न व्यवहाराचा होता : आफ्रिकेतल्या, आशियातल्या, पूर्व युरोपातल्या तबकड्या दुकानात कोणत्या फळीवर ठेवायच्या? ‘ट्रॉपिकल’, ‘रूट्स’ अशी नावे मागे पडली आणि ‘वर्ल्ड म्युझिक’ ठरले. फळीला चिठ्ठी लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. चिठ्ठीलाच सौंदर्यशास्त्र समजू लागलेल्या श्रोत्यांबद्दल मात्र आहे.

त्या बैठकीस चार्ली जिलेट उपस्थित होते. रॉक अँड रोलच्या इतिहासावर ‘द साउंड ऑफ द सिटी’ (१९७०) हे महत्त्वाचे पुस्तक लिहिणारे हे गृहस्थ लंडनच्या रेडिओवर आणि १९९९पासून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर देशोदेशींची गाणी ऐकवीत. २०१० साली ते निवर्तले. ‘रेडिओ पिंगपाँग’ ही त्यांची खास रीत. पाहुण्याने एक गाणे लावायचे, जिलेट यांनी त्याला दुसऱ्या गाण्याने उत्तर द्यायचे. दोन अनोळखी गाणी अशी शेजारी बसली की दोघांचेही वेगळेपण कानांवर येते. शिवाय मध्ये एक जाणकार माणूस बोलत असे : हा कोण, कुठला, याच्यामागे कोण गाऊन गेले. दुकानाच्या फळीने पुसलेले नाव-गाव रेडिओ परत देत होता. ही कामगिरी मोठी आहे.

पण नाव-गाव ही वाटेची सुरुवात. ‘भाषा नसते’वाले तिथेच मुक्काम ठोकतात.

मालीच्या सलीफ केइता यांचे उदाहरण घ्या. मांदे समाजात गाणे हा ‘जेली’ या वंशपरंपरागत गायक-कथकांचा व्यवसाय. राजकुळातल्याने गायचे नसते. केइता तेराव्या शतकातील साम्राज्यसंस्थापक सुंजाता यांच्या कुळातले. त्यांनी गाणे हेच मुळी कुळाविरुद्धचे बंड होते. ज्या समाजात कोणी काय वाजवायचे हे जात ठरवीत आली, त्या समाजातल्या श्रोत्याला हे चटकन कळायला हवे. पण आपण केवळ ‘काय आवाज आहे!’ म्हणतो आणि पुढे जातो.

दुसरे उदाहरण टॉमस मापफुमो यांचे. १९७०च्या दशकात, गोऱ्यांच्या राजवटीतील ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, ते शोना भाषेत गात होते. लोकवाद्य म्बिराचे सूर गिटारवर आणि स्वातंत्र्ययुद्धाचा आशय शोनाच्या वाक्प्रचारांत, असे ते ‘चिमुरेंगा’ संगीत. सरकारने ही गाणी रेडिओवर बंद केली आणि गायकाला स्थानबद्ध केले. संगीताला भाषा नसती, तर सरकार कशाला भ्याले? पुढे स्वतंत्र झिम्बाब्वेतही त्यांनी १९८९ साली ‘करप्शन’ या गाण्यातून नव्या राज्यकर्त्यांना सुनावले. ज्या शब्दांसाठी माणूस तुरुंगात गेला, ते शब्द ‘न कळताही भिडतात’ म्हणून बाजूला सारणे हा त्या माणसाचा गौरव खचित नव्हे.

यावर आक्षेप येईल, की अर्थ न कळताही सूर हलवतो, हा अनुभव खोटा काय? मुळीच नाही. पहिली ओळख सुरानेच होते आणि ती खरी असते. पण तुकोबांचा अभंग कुणी ‘मन शांत करणारे भारतीय गायन’ म्हणून ऐकू लागला, तर आपण त्याला धन्यवाद देऊन गप्प बसू काय? आपल्या शब्दांसाठी जो हक्क आपण मागतो, तो शोना आणि मांदे भाषांना नाकारायचा कोणत्या न्यायाने?

२०२० साली ग्रॅमीवाल्यांनी ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ शब्द घातला. चिठ्ठी बदलली, फळी तीच. तिकडे फोनवर गाणी आता ‘निवांत’, ‘झोपेसाठी’ अशा मनःस्थितींच्या याद्यांतून वाहतात. मध्ये बोलणारे माणूसच उरलेले नाही. जिलेट यांचे काम कुणीतरी पुढे न्यायला हवे, आणि ते साहित्याच्या वर्गाइतके दुसऱ्या कुणाला साधणार नाही. तौलनिक साहित्याच्या तासाला एक परके गाणे लावावे, त्याचे शब्द फळ्यावर लिहावेत, ओळीओळीने मराठीत आणावेत, अडेल तिथे अडावे. मग गाणे पुन्हा लावावे. तेव्हा ते पहिल्यापेक्षा वेगळे ऐकू आले नाही, तर ‘संगीताला भाषा नसते’ असे खुशाल म्हणावे.