शाळेच्या आवारात शिंजिराला जागा हवी

पावसाळा आला की शाळाशाळांतून वृक्षारोपणाचा सोहळा पार पडतो. 2019 साली राज्य शासनाने एका पावसाळ्यात 33 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. अशा संकल्पांत खड्डे आणि रोपे मोजली जातात. पुढच्या वैशाखात त्यांतली किती जगली, हे फारसे कोणी विचारीत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या मोहाडी तालुक्यात तर हा प्रश्न पहिल्यानेच विचारला पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने आवाराचा एक कोपरा फुलांतील मध पिणाऱ्या पाखरांसाठी राखावा. अमेरिकेत अनेक शाळा हमिंगबर्डसाठी अशा बागा करतात. तो पक्षी अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही. त्याचे काम आपल्याकडे शिंजीर करतो. दोघे नात्याचे नव्हेत. मधावर जगण्याच्या गरजेने दोघांनाही लांब, बारीक चोच दिली. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर पळस फुलला की शिंजीर तेथे येतो आणि मध घेता घेता परागीभवनही करतो.

म्हणून रोपवाटिकेतून येईल ते लावू नये. अडुळसा व धायटी हिवाळ्यात, पळस व पांगारा हिवाळ्याच्या अखेरीस, मुरडशेंग पावसाळ्यात आणि जास्वंद बहुतेक वर्षभर फुलते. पळसाला फुलायला वर्षे लागतात. तोवर जास्वंद पाखरांना धरून ठेवील. रुई व कण्हेर विषारी असल्याने मुलांच्या आवारात नकोत. शिंजीर पिलांना किडे व कोळी भरवतो, कोळ्याच्या जाळ्यांनीच घरटे बांधतो. तेव्हा या कोपऱ्यात औषधफवारणी करू नये.

शाळेचे छप्पर गळत असताना पाखरांचे लाड कशाला, असे कोणी विचारील. छपराची मागणी सोडावी असे आमचे म्हणणे नाही. या बागेला लागतात बिया, फांद्यांचे तुकडे आणि पाणी. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाला स्थान मागितले. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. फूल आणि पाखरू यांचे नाते रोज पाहून टिपणे, हा त्याच विचाराचा धडा होय. नवेगावबांधच्या रानात मारुती चितमपल्ली पक्ष्यांविषयी पुष्कळ काही स्थानिक माणसांकडून शिकले. मोहाडीच्या मुलांनीही या पाखरांची गावातली नावे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहून घ्यावीत.

खरा धोका निराळाच आहे. पाण्याची बादली कोणाच्या हाती जाणार? ती ठराविक वस्तीतल्या मुलांच्या किंवा केवळ मुलींच्या वाट्याला आली, तर या बागेने विषमतेचाच धडा दिला असे होईल. पाळी सर्वांची, गुरुजींसकट, हा नियम भिंतीवर लिहिलेला असावा. सुट्टीतले पाणी मुलांच्या फुकट श्रमावर सोडू नये; ग्रामपंचायतीने रीतसर मजुरी देऊन ते काम करून घ्यावे.

आणि जिल्हा परिषदेने जुलैमध्ये रोपांचा आकडा मागण्याऐवजी पुढच्या जूनअखेर, शाळा उघडताच, जगलेल्या झाडांची यादी मागावी. ती यादी मुलांनी केलेली असावी.