रबराचा रंग पाकीट बघून नको, पाणी बघून घ्या



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक यादी फिरली. गरीचे पाहुणे घेऊन जाणाऱ्या होड्यांसाठी सोसायटीने रबरी मासे एकत्र मागवावेत, घाऊक घेतले तर स्वस्त पडतील, अशी सूचना. सूचना चांगली आहे. माझा तिला विरोध नाही. पण त्या यादीत चौदा रंग आहेत. गुलाबी, निऑन हिरवा, नारिंगी, जांभळ्यावर हिरवी चमकी, असं काय काय. ती वाचून वाटलं, आपण मासे पकडायला चाललोय की जत्रेत दुकान लावायला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवाळीनंतर पाणी निवळतं, त्या दिवसांसाठी चौदा रंग नकोत, चार पुरे. आणि ते चार कुठले हे आपलं पाणी आणि त्यात फिरणारी बारीक मासळी बघून ठरवायचं. पाकिटावरचं चित्र बघून नाही.

ट्रॉलरवाल्या दादांना वाटेल, हा पोरांचा खेळ, यावर एवढं काय लिहायचं. पण ज्यांच्याकडे एकच छोटी होडी आहे त्यांना विचारा. जाळ्याला मिळेना झालं, डिझेल चढलं, तेव्हा हिवाळ्यातल्या चार महिन्यांत गरीच्या पाहुण्यांनी किती घरांना हात दिलाय. पाहुणा अर्ध्या दिवसाचे पैसे मोजतो ते चोणकासाठी. चोणक लागला नाही तरी एकदा हसून जातो, पुढच्या वर्षी मात्र दुसऱ्याची होडी घेतो. म्हणून रंगाची गोष्ट घरखर्चापर्यंत येते.

हे रंग आले कुठून?

यादीतली नावं बघा. वॉटरमेलन, ग्रीन पंपकिन, जूनबग. ही नावं अमेरिकेतल्या तळ्यांवरची. तिथे लार्जमाउथ बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे, त्याच्यासाठी ही रबरं पहिल्यांदा निघाली. तो बास शेवाळाच्या झुडपांत राहतो, गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारखा दिसणारा क्रेफिश आणि बारीक तळ्यातले मासे खातो. त्या तळाचा, त्या खाण्याचा रंग म्हणजे ग्रीन पंपकिन. तिथल्या नितळ पाण्यात तो रंग बरोबर आहे, कारण तो तिथलं पाणी बघून ठरलाय.

आपल्या चोणकाला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, आणि रायगडकडे जिताडा. नावात बास आला म्हणून पोरं बासचे व्हिडिओ बघून रंग मागवतात. पण मासा वेगळा. आपला चोणक नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाडीत, खाजनात, वर गोड्या पाण्यापर्यंत वाढतो आणि अंडी घालायला परत मुखाकडे येतो. त्याच्या पाण्यात क्रेफिश नाहीत. त्याच्यासमोर शेवटे आहेत, सुंगटं आहेत, काळुंदराची पिल्लं आहेत.

आणखी एक सांगतो. २०१९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या बासला रंग किती कळतात ते तपासलेलं प्रसिद्ध झालं. त्याला लाल आणि हिरवा चांगला ओळखता येतो. पण झगझगीत पिवळट हिरवा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते, तशीच निळा आणि काळा यांत. म्हणजे ज्या माशासाठी हे रंग बनवले, त्यालाच त्यातले काही एकसारखे दिसतात! हा निकाल चोणकाला जसाच्या तसा लावू नये, त्याचे डोळे निराळे. पण दुकानात आपल्याला जेवढे रंग वेगळे दिसतात तेवढे पाण्यात माशालाही दिसतात, असं धरून पैसे घालवू नका, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

स्वच्छ पाण्यात रंगाला किंमत का येते

पावसात नद्या लाल होऊन येतात तेव्हा चोणक डोळ्यांवर कमी आणि अंगावरच्या रेघेवर जास्त चालतो. त्या रेघेने त्याला पाण्यातली थरथर कळते. रबराची शेपटी हलली, थरथर गेली, तो धावला. रंग नीट बघायला त्याला फुरसत नसते आणि उजेडही नसतो.

हिवाळ्यात उलटं होतं. भांगाचे दिवस, ओढ कमी, गाळ खाली बसलेला, चढत्या भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं. अशा वेळी चोणक रबराच्या मागे येतो, दोन हात बरोबर चालतो, बघतो आणि परत फिरतो. ज्यांनी होडीच्या नाकावर उभं राहून हे पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. त्या फिरण्यात तुमचा पाहुणा जातो. स्वच्छ पाण्यात माशाला खोटं ओळखायला वेळ मिळतो, म्हणून तिथे भडक रंग महाग पडतो.

लाल रंगाचं तर वेगळंच आहे. स्वच्छ पाण्यात लाल उजेड सगळ्यात आधी विरतो. बेटांच्या बाजूला खडपावर चार-पाच वाव खाली सोडलेलं लाल रबर खाली लाल राहतच नाही, काळपट दिसतं. याउलट चहासारख्या तपकिरी पाण्यात निळा आधी जातो आणि तांबूस टिकतो. मग लाल घ्यायचा की नाही, याचं उत्तर पाकिटावर कसं असेल?

वल्हं आणि पाग

माझे बाबा कधी रबराने गरवले नाहीत. जिवंत सुंगट लावायचे. पण गरी टाकण्याआधी दोन गोष्टी करायचे, त्या आजही चालतात.

पहिली, वल्हं पाण्यात उभं सोडायचे. पातं हातभर खोलीतच दिसेनासं झालं तर पाणी गढूळ. वावभर खाली दिसत राहिलं तर स्वच्छ. हे दर खेपेला करायचं, कारण एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीला पाणी बदलतं. ओहोटीला खाजनातलं, खारफुटीतलं पाणी मानशीतून बाहेर येतं, ते तेवढं नितळ नसतं. सकाळी जो रंग चालला तो दुपारी चालेलच असं नाही, ते यामुळे.

दुसरी, काठाला एकदा पाग टाकायचे. त्यात काय आलं? बोटभर शेवटे आले तर चोणक आज शेवट्यांच्या मागे आहे. सुंगटं आली तर सुंगटांच्या. आमिषाचा रंग आणि माप तिथेच ठरलं. आमच्या पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "बाबा, पाहुण्यासमोर पाग टाकायची लाज वाटते." मी म्हटलं, अरे, पाहुणा त्याचेच तर पैसे देतो. रबर त्याच्या शहरात ढीगभर मिळतं.

माझे चार रंग

१. शेवट्याचा. पाठ राखाडी किंवा शेवाळी, पोट फिकट, अंग थोडं आरपार दिसणारं, बारीक रुपेरी चमकी. स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर पहिला हाच.

२. सुंगटाचा. आरपार, फिकट तपकिरी किंवा राखाडी. इथे सगळे फसतात. कंपन्या सुंगट नारिंगी-लाल करून विकतात. मंडळी, लाल सुंगट आपल्या ताटात असतं, नदीत नसतं. शिजल्याशिवाय ते लाल होत नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा.

३. मोतिया पांढरा. पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस, आणि पाणी अर्धवट निवळलेलं असेल तेव्हा.

४. काळा. रात्रीसाठी. ऐकायला उलटं वाटतं, पण चोणक बऱ्याचदा खालून वर झडप घालतो. खालून बघताना रात्रीचं आभाळ पाण्यापेक्षा उजळ असतं, त्यावर काळी आकृती ठसठशीत दिसते. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे लालभडक चमकतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. अंधारात शिकार करणारा मासा आहे तो. त्याला रात्री रंग नको, आकार हवा.

ज्यांना गढूळ पाण्यासाठी एक पिवळा हवाच आहे, त्यांनी तो आपल्या खिशातून घ्यावा.

रंगाबरोबर दोन गोष्टी नाही बदलल्या तर रंगाचा उपयोग नाही. स्वच्छ पाण्यात रबर लहान घ्या, पागेत जेवढी मासळी आली तेवढंच. आणि होडी लांब ठेवा, फेक लांब घ्या. तुमची सावली पाण्यावर पडली की आरपार रबरही काही करत नाही. पुढची तंगूस बारीक करायचा मोह होतो, तिथे मात्र सांभाळून. चोणकाच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, बारीक तंगूस एका झटक्यात जाते. आणि पाहुण्याला मासा हातात देण्याआधी तेही सांगा.

पण गुलाबीवर लागला होता की!

हे मला कोणीतरी ऐकवणार, म्हणून मीच सांगतो. लागला होता. आमच्याच होडीत लागला होता. पण तेव्हा उधाणाची ओहोटी होती, मानशीच्या तोंडाशी पाणी उसळत होतं, आणि ते पाणी चिखलाचं होतं. त्या जागी, त्या वेळी फडकं बांधून टाकलं असतं तरी चोणकाने मारलं असतं. त्या एका माशाच्या जिवावर पोराने गुलाबीची चार पाकिटं घेतली. जानेवारीत भांगाला, पाणी काचेसारखं असताना, तीच काढली. पहाटेपासून दहा वाजेपर्यंत तीन वेळा मासा मागे आला आणि फिरला. पाहुणा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला दिसत होता. शेवटी त्याच्याच डब्यातलं एक मळकट, आरपार रबर लावलं. दिसायला अगदीच गरीब. तिसऱ्या फेकीला लागला. एका माशावरून नियम होत नाही, हे मलाही कळतं. पण मागे येऊन फिरणं थांबलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या हिशेबात जागा आणि भरती पहिली. खोली आणि ओढायचा वेग दुसरा. रंग तिसरा. गढूळ पाण्यात तो तिसराच राहतो. स्वच्छ पाण्यात मात्र पहिल्या दोन गोष्टी बरोबर असून मासा फिरत असेल, तर रंग बदलायचा, आणि बदलताना भडकाकडून फिकटाकडे जायचं. आपली पोरं नेमकी उलटी जातात. मासा घेत नाही म्हणून अजून झगझगीत लावतात.

सोसायटीला विनंती

पाच-सहा रबरांचं पाकीट अडीचशे-तीनशेला पडतं. चौदा रंगांचं प्रत्येकी एक घेतलं तर चार हजारांच्या आसपास गेले, आणि त्यातली दहा पाकिटं डब्यात पडून एकमेकांना चिकटणार. रंगही एकमेकांत उतरतात, ते वेगळंच. मग कोणीतरी कंटाळून ती पाण्यात टाकणार. ही रबरं कुजत नाहीत. तुटलेलं रबर पाण्यात सोडायचं नाही, होडीत एक डबा ठेवायचा, हा नियम पाहुण्यालाही लावा. आपल्याच खाडीतल्या माशाच्या पोटात ते जाणार आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. यादी चार रंगांवर आणा. एकेका रंगात दोन मापं घ्या, तीन इंची आणि चार इंची. वाचलेल्या पैशात चांगल्या, न वाकणाऱ्या गऱ्या घ्या. वाकलेल्या गरीने जेवढे चोणक गेलेत तेवढे चुकीच्या रंगाने गेले नसतील.

आणि एक काम बिनपैशाचं. प्रत्येक होडीने एक वही ठेवावी. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, वल्ह्याचं पातं किती खोल दिसलं, पागेत काय आलं, कुठला रंग लावला, मासा लागला की मागे येऊन फिरला. पाणी सगळीकडे सारखं नाही. मांडवीत जे चालतं ते साळेत चालेलच असं नाही. एक हंगाम दहा होड्यांनी हे लिहिलं तर पुढच्या वर्षी कुठले रंग मागवायचे ते आपल्याला आपल्याच वह्या सांगतील. चारांत माझा एखादा चुकीचा निघाला तर मी आनंदाने काढीन.

बाबा गेले तेव्हा त्यांच्याकडे एकही रबर नव्हतं. पण कुठल्या तिथीला कुठल्या मानशीवर पाणी कधी निवळतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाहुणे आज त्याचेच पैसे देतात. ते आपण पोरांना शिकवलं नाही तर मग चौदा काय, चाळीस रंग मागवले तरी कमीच पडतील.

पुढच्या सभेत यादी येणार आहे. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी तिथे जरूर बोलावं.