म्हणे, रोग जन्माचाच!

माझ्या चुलत्याच्या लोखंडी ट्रंकेत एक कागद आहे. १९९८ साली तो फौजेत भरती झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला नागडा उभा केला. छाती मोजली, दात मोजले, डोळ्यात बॅटरी मारली आणि शेरा दिला – फिट. कारगिलच्या साली तो काश्मिरात होता. २००६ साली त्याच फौजेच्या डॉक्टरांनी लिहिलं – डोकं ठिकाणावर नाही, घरी पाठवा. अपंगत्व ४० टक्के. आणि खाली एक ओळ टाइप केली : आजार कॉन्स्टिट्यूशनल, नोकरीशी संबंध नाही.

संपलं. थोडी ग्रॅच्युइटी हातावर टेकवली. डिसॅबिलिटी पेन्शन शून्य.

मी तेव्हा शाळेत होतो. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे बाबासाहेबांनी लिहिलं ते, एवढंच ठाऊक. वाटलं, तात्याला राज्यघटनेचाच कसला तरी आजार झालाय. आज कळतं. मेडिकल बोर्डाच्या भाषेत कॉन्स्टिट्यूशनल म्हणजे पिंडातला. अंगचा. आईच्या पोटातून आणलेला. म्हणजे दोष बर्फाचा नाही, रात्रपाळीच्या पहाऱ्याचा नाही, वर्षातून एकदा मिळणाऱ्या रजेचा नाही. दोष तुझ्या जन्माचा.

दोस्तहो, हे वाक्य आपण आधी कुठं ऐकलंय?

१८१८ च्या कोरेगावच्या लढाईतली महार शिपायांची नावं दगडावर कोरणाऱ्या इंग्रजानंच १८९२ साली महारांची भरती बंद केली. कारण? म्हणे जन्मानं लढाऊ नाहीत. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेला अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली जन्माचा दोष एकदम बरा झाला, पलटण उभी राहिली. युद्ध सरलं, १९२१ साली मोडली. पुन्हा युद्ध आलं, १९४१ साली महार रेजिमेंट. गरज असली की फिट. गरज सरली की जन्माचा खोट्या.

आज हा शिक्का एकट्या आपल्यावर बसत नाही. जाटाच्या पोरावर बसतो, मराठ्याच्या बसतो, गढवाल्याच्या बसतो. पण शिक्क्याची धातू आपण ओळखतो. देणं बुडवायचं असलं की धनी गड्याच्या जन्माकडं बोट दाखवतो. ही चाल जुनी आहे.

आणि कायदा काय सांगतो? सरकारच्याच १९८२ च्या नियमांत लिहिलंय : भरतीच्या वेळी कागदावर आजार नोंदला नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती नोकरीत बिघडली असं धरायचं. शिपायानं काही सिद्ध करायचं नाही. शंका आली तर तिचा फायदा शिपायाला.

सिग्नल कोअरचा एक शिपाई १९८५ ला भरती झाला, १९९४ ला फिट येतात म्हणून काढला. अपंगत्व २० टक्के. बोर्डानं लिहिलं, नोकरीशी संबंध नाही. एका कोर्टात जिंकला, वरच्या बेंचपुढं हरला, शेवटी २०१३ साली सुप्रीम कोर्टानं त्याच्या पदरात पेन्शन टाकली. कोर्ट म्हणालं, बोर्डानं कारण दिलेलंच नाही. नुसता शिक्का मारून चालत नाही. एकोणीस वर्षं! वीस टक्क्यांसाठी एकोणीस वर्षं!

बरं, एकदा निकाल लागला म्हणजे सरकार शहाणं व्हावं की नाही? नाव नको. २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण चालू आहे. पहिलं अपील, दुसरं अपील, मग तिथं दावा. तिथं शिपाई जिंकला की सरकार वरच्या कोर्टात जातं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं अशा अपिलांचा गठ्ठाच फेकून दिला. २०२५ साली दिल्ली हायकोर्टानं सरकारच्या सुमारे ३०० याचिका एका फटक्यात फेटाळल्या. शिपाई वकिलाची फी म्हातारीच्या डोरल्यातून देतो. सरकार आपल्याच खिशातून देतं. हरायला त्याचं जातं काय?

आता नवी ओरड ऐका. म्हणे लोक बीपी-शुगर दाखवून पेन्शन खातात. खात असतील. कोण खातं? कॅगचा २०२३ चा अहवाल काढा. दरसाल निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन जातात. जवानांपैकी १५ ते १८ टक्के. खंदकात कोण असतो आणि टक्का कुणाचा मोठा? चोर असेल तर धरा की साहेबाची कॉलर! शिपायाच्या ताटात हात का घालता?

त्याच साली सप्टेंबरात नवे नियम आले. अपंगत्व घेऊनही नोकरी करत राहिला, त्याच्या पैशाला आता म्हणायचं ‘इम्पेअरमेंट रिलीफ’. रिलीफ दुष्काळात देतात, रिलीफ पुरात देतात. घामाच्या बदल्यात देतात त्याला मजुरी म्हणतात. आणि २०२२ पासून भरतीच्या मैदानावर पळणारी आपली पोरं अग्निवीर. चार वर्षं. पेन्शन नाहीच. हात-पाय गेला तर एकरकमी पैसे, तेही ‘नोकरीमुळे झालं’ असं बोर्डानं लिहिलं तरच. म्हणजे पुन्हा तीच ओळ. तोच टाइपरायटर.

तात्याला म्हटलं, दावा टाकू. २००८ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पेन्शन नाकारणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही. थकबाकी मात्र साधारण तीनच वर्षांची मिळते. बाकीची भूक त्यानं गिळायची.

तात्या म्हणाला, ‘‘देशाशी भांडायचं व्हय रं पोरा?’’

मी म्हटलं, ‘‘तात्या, देशाशी नाही. एका ओळीशी.’’

शहरातल्या दोस्तांनो, ‘जय जवान’चे बोर्ड चौकात लावू द्या ज्यांना लावायचेत. तुम्ही आपल्या वस्तीतल्या ट्रंका उघडा. म्हाताऱ्यांना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ती ओळ वीस-वीस वर्षं गप पडून आहे. बोर्डाचे कागद माहितीच्या अधिकारात मागा. वाचून दाखवा. नवीन केस असेल तर पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत चुकवू नका. जुनी असेल तर मुंबईच्या बेंचपुढं उभे राहा. आणि विचारा : भरतीच्या दिवशी आमचा जन्म झालेला नव्हता काय? तेव्हा फिट कसा लिहिला?

तात्यानं परवा सही केली. हात थरथरत होता. वकिलानं मसुद्यात लिहिलं होतं, ‘नम्र विनंती’. मी ते खोडून ‘मागणी’ लिहिलं. तात्या बघत राहिला. नको म्हणाला नाही.