दूध नाही ना?

आपल्याकडच्या पांढरपेशा माणसानं आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न 'देव आहे का?' हा नसून 'यात अंडं नाही ना?' हा आहे. केकची बशी पुढं आली की आधी हा प्रश्न, मग हात. या प्रश्नापुढं बेकरीवाल्यांनी गुडघे टेकले. गृहिणींनी कुकरची शिटी नि रबर काढून, आत वाळू तापवून बिनअंड्याचे केक भाजले. याला आपण संस्कार म्हणतो. पण त्याच बशीकडे बघून कुणी 'यात दूध नाही ना?' असं विचारलं, की ती मात्र थेरं! माझं भांडण आहे ते एवढ्यावरच.

माझी पुतणी वीगन आहे. म्हणजे दूध, दही, तूप, मध, अंडं यांतलं, जनावराकडून आलेलं, काहीच ती खात नाही. रविवारी न्याहारीला ती मफिन करते. तिचे वडील, म्हणजे आमचे दादा, मफिन बोटानं दाबून बघतात आणि म्हणतात, "अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. मग आहे काय गं यात? तुझा हट्टच ना?" हशा पिकतो. पोरगीही हसते. मला मात्र या हसण्याचा राग येतो आणि तो इथं सविस्तर काढायचा आहे.

दादांचा पहिला मुद्दा असा, की हे परदेशी खूळ. आता 'वीगन' हा शब्द इंग्लंडातला, हे कबूल. १९४४ साली डोनल्ड वॉटसन आणि मंडळींनी 'व्हेजिटेरियन'मधली मधली अक्षरं गाळून तो तयार केला. पण दादा एकादशीला साबुदाण्याची जी खिचडी मन लावून खातात, तिची वंशावळ जरा काढू या. आपल्याकडचा साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदाचा. तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चौकडी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडं पोचला १४९२ साली. त्याआधीच्या एकाही वारकऱ्यानं यातलं काही चाखलेलं नव्हतं. ही चौकडी विठोबाला चालली, आणि पोरीच्या मफिनमधलं जवस परदेशी? अहो, विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी भाकरीवर घेऊन पिढ्या जगल्या!

दुसरा मुद्दा शास्त्रीय. 'अंड्याशिवाय फुगेल कसं?' हे विचारणारा माणूस ढोकळ्याच्या तिसऱ्या वडीला हात घालत असतो. सोड्याला आंबट भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ वर येतं; तिथं कोंबडीचा संबंध येत नाही. राहिलं पीठ धरून ठेवणं. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की असा बुळबुळीत चिकटा होतो, की एका अंड्याचं काम भागतं. आणि बेकिंग पावडर? १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. अंडीही सोसत नसत, म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. बर्डसाहेब टेबलाशी बसून 'हे तुझे नखरे' एवढंच म्हणाले असते, तर जगातल्या निम्म्या बेकऱ्या आज काय करत असत्या, देव जाणे.

पुतणी काय करते ते सांगतो. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चमचाभर सोडा, चिमूटभर मीठ, वर सांगितलेलं जवस, पाव वाटी तेल, वाटीभर पाणी आणि मोठा चमचाभर व्हिनेगर. तासगावचे बेदाणे, खजूर, अक्रोड किंवा काजू मिळून वाटीभर. ते आधी कोरड्या पिठात घोळवायचे, नाहीतर तळाशी जाऊन बसतात. ओलं-कोरडं एकत्र केल्यावर घोटत बसायचं नाही. घोटलं की मफिन चिवट होतो. १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. बदाम परवडत नसतील, तर भाजलेले शेंगदाणे घालावेत. मफिन तक्रार करत नाही.

तिसरा मुद्दा: 'दुधात कसलं आलंय पाप?' मी स्वतः दुधाचा चहा पितो, तेव्हा यावर प्रवचन देणार नाही. पुतणीही देत नाही. ती फक्त विचारते, की गाय दूध देते ते वासरासाठी. मग गोठ्यात गोऱ्हा जन्मला, तर ट्रॅक्टरच्या काळात त्याचं पुढं काय होतं? यावर आमच्या टेबलाशी अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. 'ब-१२' जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, हे तिला ठाऊक आहे. त्याची गोळी ती न चुकता घेते. उपदेश करणारे वीगनही असतात. त्यांच्याबरोबर मीसुद्धा न्याहारीला बसणार नाही.

पण सोडण्याचं आपल्याला वावडं कधी होतं? चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडणारी घरं आहेत. त्या सोडण्याच्या तयारीसाठी कांदेनवमी नावाचा खास सणच आहे! त्या माणसाला कुणी विचारत नाही, की वांग्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं? मुंबईतला पावभाजीवाला बिनकांद्याची, बिनबटाट्याची जैन भाजी मुकाट्यानं वेगळी करून देतो. गिऱ्हाइकाचं तत्त्वज्ञान तपासत नाही. मग पुतणीलाच जाब का? माझ्या मते कारण साधं आहे. सत्तरीच्या आजोबांनी सोडलं तर तो नेम, विशीच्या मुलीनं सोडलं तर तो नखरा. आजोबांना कारण विचारणं हा उद्धटपणा, मुलीला न विचारणं हा हलगर्जीपणा.

तेव्हा दादांना आणि तमाम दादांना माझं सांगणं एवढंच आहे. मफिन गरम असताना दोन खावेत. आणि बोलल्याशिवाय राहवतच नसेल, तर 'बेदाणे जरा कमी पडले' म्हणावं. ती टीका ती ऐकून घेते, आणि पुढच्या खेपेला मूठभर जास्त घालते.