न मागितलेला हक्क

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील एखाद्या शाळेत पहिलीत दाखल झालेले मूल वर्षभर तोंडातून शब्द काढत नाही. गुरुजींना त्यात वावगे वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नसते. घरी माडिया, शाळेत मराठी; तेव्हा मूल गप्प राहायचेच, वर्ष-दोन वर्षांत सरावेल, असे त्यांचा अनुभव सांगतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो खराही ठरतो. परंतु त्याच रांगेत ज्याला ऐकूच येत नाही असे एखादे मूल बसलेले असेल, तर त्याचे बहिरेपण या भाषेच्या आडोशाला लपून राहते. मूल तिसरीत जाते, चौथीत जाते आणि मग ते ‘मंद’ असल्याचा निकाल कोणत्याही तपासणीवाचून लागतो. याच्या उलट प्रकारही घडू शकतो. ज्याला केवळ मराठी येत नाही, अशा चांगल्या बुद्धीच्या मुलावरही तोच शिक्का बसतो. दोन्ही मुलांवर अन्याय होतो आणि दोघांचेही आईबाप तक्रार करीत नाहीत.

कायद्याची उणीव आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याहून महत्त्वाचे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. दर ५ वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून अशी मुले हुडकून काढावीत आणि त्यांच्या गरजा कितपत भागतात हे तपासावे, असे हा कायदा सरकारला व स्थानिक संस्थांना बजावतो. पहिल्या पाहणीसाठी दिलेली दोन वर्षांची मुदत एप्रिल २०१९ मध्ये संपली. म्हणजे मूल शोधण्याचे ओझे कायद्याने बापाच्या खांद्यावर ठेवलेले नाही, सरकारच्या ठेवले आहे. व्यवहारात ते नेमके उलटे झाले आहे.

मुंबईचे उदाहरण येथे बोलके आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथील पालक, डॉक्टर व शिक्षक यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, म्हणून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळाल्या. ते श्रेय त्या पालकांचे आहे, त्यात वाद नाही. पण जो हक्क अर्ज, दाखले आणि हेलपाटे यांच्या जोरावर मिळतो, तो ज्यांना अर्ज करता येतो त्यांचाच होऊन बसतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलासाठी स्वतंत्र शिक्षण-योजना लिहिण्याची आणि ती पटली नाही तर पालकाने दाद मागण्याची सोय केली. तेथेही शिकल्यासवरल्या, वकील परवडणाऱ्या पालकांनीच तिचा अधिक लाभ घेतला अशी टीका होत आली आहे. मग ज्या बापाला भामरागडहून गडचिरोलीपर्यंत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर जाऊन मुलाचे कान तपासून घ्यायचे आहेत, त्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी सोडायची आहे आणि कचेरीत परक्या भाषेत बोलायचे आहे, त्याने हक्क ‘मागावा’ अशी अपेक्षा करणे हा विनोद झाला.

शिक्षकांचा प्रश्न न्यायालयाने पुष्कळसा निकाली काढला आहे, निदान कागदावर. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरविण्याचा आदेश दिला. त्यानुसार २०२२ मध्ये प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित झाले. राज्ये हलेनात, तेव्हा ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाला पदे निश्चित करण्यासाठी तीन आठवड्यांची मुदत घालावी लागली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, शाळांच्या प्रत्येक केंद्रासाठी एक याप्रमाणे ४८६० पदे निर्माण केली होती, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. परंतु ‘केंद्र’ हे माप पुण्याच्या पेठांत आणि अबूझमाडच्या सीमेवर सारखे कसे असेल? पुण्यातील शिक्षक एका सकाळी तीन शाळा पाहील. लाहेरीच्या बाजूच्या शिक्षकाला नाले ओलांडून एका शाळेत पोचण्यातच दिवस घालवावा लागेल. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा महिन्यातून एकदा भेट देऊन शिकविता येत नाही. वन-जिल्ह्यांसाठी अंतराचा वेगळा निकष हवा, आणि नेमलेल्या शिक्षकाला माडिया वा गोंडी येते की नाही हेही पाहिले पाहिजे.

सिकलसेलच्या मुलांची कथा आणखी निराळी. हा आजार २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या यादीत घातला आहे, हे कित्येक मुख्याध्यापकांच्या गावी नसेल. सिकलसेलचे मूल वरकरणी धडधाकट दिसते. मग थंडीत किंवा पाणी कमी पडले की हातपाय असह्य दुखू लागतात, आठवडा-आठवडा शाळा बुडते आणि हजेरीपटावर ते ‘अनियमित’ ठरते. त्याला लागणारी विशेष सेवा तरी काय? हवे तेव्हा पाणी, लघवीला जाण्याची मुभा, आश्रमशाळेत एक जादा ब्लँकेट, कवायतीतून सूट, वेळेवर गोळ्या आणि बुडालेला अभ्यास भरून काढणारा कोणी तरी. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकाला कोणी तरी लेखी कळवावे लागते.

ते कळवायचे कोणी, येथे घोडे अडते. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, विशेष शिक्षक शालेय शिक्षण विभागाचा, दाखला आरोग्य विभागाचा आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत मुले तपासायची असतात. त्यांनी टिपलेले नाव विशेष शिक्षकाच्या वहीत गेलेच पाहिजे, अशी सक्ती जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाने होऊ शकेल. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे. बहिऱ्या मुलाला त्याच्यासारख्यांची सोबत लागते, हेही खरे. तथापि सिरोंच्याच्या मुलाने सहाव्या वर्षी आईला सोडून दोन जिल्ह्यांच्या पलीकडच्या टोकाला जावे, ही पसंती म्हणता येणार नाही. दुसरा पर्याय असेल तरच ती पसंती.

एकटा बाप जे मागू शकत नाही ते गाव मागू शकते. मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे व्यवहार करू लागल्या. लिलावात कंत्राटदाराशी बोलणारी ग्रामसभा गटशिक्षणाधिकाऱ्याशी बोलू शकत नाही, असे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१० च्या आदर्श नियमांनी अपंग मुलांची नोंद व सोयी यांवर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे काम म्हणून सांगितले आहे. आपल्या शाळेत अशी मुले किती, विशेष शिक्षक मागच्या सत्रात किती दिवस आला आणि कोणाचा दाखला कोणत्या टेबलावर पडून आहे, हे तीन प्रश्न समितीने इतिवृत्तात लिहून पंचायत समितीकडे धाडावेत. पत्राचा मसुदा गावातल्या गुरुजींनी करून द्यावा. पावसाने रस्ते बंद होण्यापूर्वी तो पोचला, तर त्याच सत्रात तपासणीचे शिबिर तालुक्याला आणता येईल.